तीस वर्षं बूथवर बसलो, या खेपेला कुणाचा एजंट म्हणून बसू?

लेथवाला_मंगळवारपेठ

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझी दोन लेथ आहेत, राहायला मंगळवार पेठेत. १९९५ च्या विधानसभेपासून गल्लीतल्या शाळेच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसतोय. तेव्हा मतपत्रिका होती. शिक्का मारून नीट घडी घातली नाही तर ओली शाई पलीकडच्या चिन्हाला लागायची आणि मोजणीला भांडणं व्हायची. पुढं मशीन आलं. मी मात्र एकाच पक्षासाठी बसत आलो. पद नाही, पैसा नाही. दुपारी पुरीभाजीचं पुडकं आणि निकालादिवशी अंगावर गुलाल, एवढीच कमाई.

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की सगळे त्या नावावर तुटून पडतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. तो पक्ष फुटला, एवढं पुरे. महाराष्ट्रात एवढं सांगून ओळखता येत नाही, हीच गंमत आहे.

आता १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान. परवा संध्याकाळी दोन्हीकडची माणसं घरी आली, अर्ध्या तासाच्या अंतरानं. दोघंही माझ्याबरोबर गणपतीची वर्गणी मागत फिरलेले. पहिला म्हणाला, "दादा, तुमची खुर्ची तुमचीच आहे, यादी पाठवतो." दुसरा आला आणि अक्षर न बदलता तेच बोलला. खरा पक्ष आमचाच, हेही दोघांनी सांगितलं. आमच्या मंडळींनी दोघांना चहा दिला, एकाच कपातनं, मधे विसळून.

आता माझं दुखणं सांगतो. लोक म्हणतात मशीनवर विश्वास नाही. माझा आहे. लोकसभेला सातला मतदान सुरू होतं, आम्ही साडेपाचला वर्गात हजर. बाकड्यावर मशीन, आणि आम्ही एजंट मिळून कमीत कमी पन्नास मतं टाकून बघतो. मी वहीत रेघा ओढतो, याला इतकी, त्याला इतकी. मग निकालाचं बटण दाबून आकडे जुळवायचे, ती मतं पुसायची, शून्य दाखवायचं, आणि सीलवर आमच्या सह्या. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा हिशेब केंद्राध्यक्ष सही करून आमच्या हातात देतात. १७ सी म्हणतात त्याला. असले कागद माझ्या शॉपच्या कपाटात ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवलेत. मोजणीदिवशी ताडून बघतो, अजून एका मताचा फरक सापडलेला नाही. यंदा महापालिकेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी नाही. ते मला पटलेलं नाही, ती पाहिजे होती. पण टपरीवर कुणी मशीनच्या नावानं बोंब मारली की मी आजही भांडतो.

अजून एक. मतदार खोटा वाटला तर एजंटाला हरकत घेता येते. दोन रुपये भरायचे, केंद्राध्यक्ष तिथंच चौकशी करतात. तीस वर्षांत मी पाच वेळा भरले. एकदा तोंडावर आपटलो. पोरगा खराच निघाला, आमच्याच मागच्या बोळातला, दाढी वाढवलेली म्हणून ओळखला नाही. दोन रुपये गेले, वर त्याच्या आईनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. आणि एका वर्षी शेजारच्या काकू दुपारी आल्या तर त्यांच्या नावावर मत आधीच पडलेलं. माझ्या यादीवर टिक होती, म्हणजे माझ्यासमोरनं कुणीतरी गेली आणि मला कळलं नाही. नियमानं काकूंना कागदाची मतपत्रिका दिली, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. काकू खूश, म्हणाल्या, "हे बरं हाय, जुनं ते सोनं." ते पाकीट सहसा मोजणीत उघडतही नाहीत, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

तर मशीनमधनं माणूस बरोबर निघाला. निघाल्यावर बिघडला. आमचा माणूस पलीकडं गेला त्या आठवड्यात आम्ही सहा-सात जण त्याच्या दारात गेलो. आत बसवलं, सरबत दिलं. म्हणाला, "निधी पाहिजे का निष्ठा, तुम्हीच सांगा." आमच्यातला एक म्हणाला, "मग मत मागायला आलासा तवा का सांगितलं न्हाई?" त्यावर तो नुसता हसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या बूथनं लीड दिलं ते मी विसरलो नाही हां." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दाढीवाल्या पोरावर हरकत घ्यायला दोन रुपये होते. निवडून दिलेला माणूसच वेगळा निघाला तर हरकत कुठं घ्यायची, किती रुपये भरून?

तर प्रश्न असा: दोघांपैकी कुणासाठी बसू? का बसूच नको?

---

रंकाळा_नाईट

काका, मी २५ चा. मागचं महापालिकेचं मतदान नोव्हेंबर २०१५ ला झालं, तेव्हा मी शाळेत, हाफ चड्डीत. मतदार यादीत नाव आलं २०१९ ला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग किती आणि कसे, सगळं फिरून फिरून पाच वर्षं गेली. राज्यघटनेत लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मी एमपीएससीसाठी पाठ केलंय ते, कलम २४३ यू. पाठ करताना हसायला यायचं.

तुमचा निदान विश्वास तुटला. आमचा बसलाच नव्हता. तुटायला आधी समोर माणूस तर पाहिजे. गटार तुंबलं की आम्ही फोटो काढून टाकतो, दोन दिवसांनी मेसेज येतो "निराकरण झाले", आणि गटार तिथंच.

माझं मत: दोघांची पुरीभाजी खावा आणि झोपा निवांत.

---

एक_नागरिक

सगळे चोर आहेत. विषय संपला.

---

लेथवाला_मंगळवारपेठ

विषय संपला असता तर इतकं टाइप केलं नसतं भावा. एका बोटानं टाइप करतोय.

---

डेअरीचा_सचिव

दादा, नमस्कार. मी कागल तालुक्यातला. दूध संस्थेत सचिव आहे, बावीस वर्षं झाली.

तुमची मशीनवरची श्रद्धा मला कळते, कारण माझंही पोट मशीनवरच आहे. पहाटे कॅन येतात, नमुना लावला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) समोर दिसतं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल. एका आजीच्या म्हशीचं फॅट एकदा ५.८ लागलं. ती म्हणाली, मशीन तुझं, बोट तुझं, तूच दाबतोस. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्याच हातानं नमुना पुन्हा लावायला लावला. तेवढंच आलं. दुसऱ्या दिवसापासनं ती रांगेतल्या सगळ्या बायकांच्या पावत्या वाचून दाखवायला लागली. आता पावतीत फॅट शून्य पॉइंट एकनं कमी दिसलं तरी अख्खी रांग थांबते. तालुक्यात माझ्याइतका तपासला जाणारा माणूस नसेल.

पण हीच आजी संस्थेच्या निवडणुकीत काय करते? पॅनेलचं चिन्ह विचारते आणि वरपासनं खालपर्यंत शिक्के मारून येते. उमेदवार कोण, त्यानं मागच्या खेपेला काय दिवे लावले, काही नाही. गट सांगेल ते. दादा, राग मानू नका, पण आपण पक्षाला मत कधी दिलंच नाही. गटाला दिलं. पक्ष फुटल्याचं दुःख तुम्हा पेठेतल्यांना. आमच्याकडं गट आख्खा हलतो, सामानसुमानासकट. काल एका झेंड्याखाली होते, आज दुसऱ्या. फक्त मफलर बदलायला लागतो, आणि तोही वरनंच येतो.

आणि विश्वास नाही म्हणता, मग २०२४ च्या विधानसभेला आपला जिल्हा मतदानात राज्यात पहिला कसा? राज्य ६६ टक्क्यांवर आणि आपण ७६ च्या वर. मी त्यादिवशी बूथवर होतो. दुपारी तीनपर्यंत काही घरं हलत नव्हती. साडेतीनला हललीत. कशानं हललीत ते तुम्हालाही ठाऊक आहे. लक्ष्मीदर्शन घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस संध्याकाळी पारावर बसून म्हणतो, लोकशाहीत काही राम राहिला नाही. त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तू किती घेतलास?

गावात एक गोष्ट मात्र बरी आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला तर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला टाकावा लागतो. म्हणजे निवडणाऱ्यांनाच पुन्हा विचारतात. तुमचे दोन रुपये भरायची खिडकी आहे म्हणायची, पण ती सरपंचापुरती. त्याच्या वर गेलं की खिडकी बंद.

---

लेथवाला_मंगळवारपेठ

सचिवसाहेब, लागलं. पण खोटं नाही.

आता बोलायलाच निघालोय तर बोलून टाकतो. पाकिटं आमच्याही गल्लीत फिरली आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री, दहानंतर, लाइट गेल्यावर. लाइट त्याच रात्री कशी जाते ते विचारू नका. मी माझ्या दारातनं बघितलंय. समोरच्यांची पाकिटं आली तेव्हा आम्ही पोरं गोळा करून आरडाओरडा केला. आमची आली तेव्हा मी आत जाऊन झोपलो. झोप लागली नाही, पण उठलोही नाही. सकाळी साडेपाचला सीलवर सही करायला मात्र मी सगळ्यात आधी. दोन रुपये तिथं भरायला पाहिजे होते.

---

कोर्टातली_ताई

दादा, तुमच्या दोन रुपयांच्या प्रश्नावर बोलते, कारण मला सवयच लागली आहे, कुणी प्रश्न विचारला की कलम शोधायची.

१९८५ ला पक्षांतरबंदी आली, घटनेचं दहावं परिशिष्ट. तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती "फूट" धरायचे आणि पद वाचायचं. म्हणजे किरकोळ विक्रीला बंदी, घाऊकला परवानगी. २००३ च्या दुरुस्तीनं ती पळवाट काढली. आता विलीनीकरणाचा मार्ग उरला, त्याला दोन तृतीयांश लागतात. नगरसेवक आणि झेडपी सदस्यांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा. कागदावर सगळं ठीक आहे. मेख अशी की आमदाराच्या अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्ष देतात, आणि अध्यक्ष कुठल्यातरी पक्षाचेच असतात. जून २०२२ ला पहिली फूट झाली. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला मे २०२३ ला, त्यात अध्यक्षांना सांगितलं की वाजवी वेळेत ठरवा. अध्यक्षांचा निकाल आला जानेवारी २०२४ ला, अपात्र कुणीच नाही. तोवर त्या विधानसभेची मुदत संपायला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. पेशंट बरा होऊन घरी जायच्या वेळी डॉक्टर आल्यासारखं. का पेशंट दगावल्यावर म्हणू?

मतदाराला स्वतःला दार आहे का? आमदार-खासदार परत बोलवायचा हक्क आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे तुमचे दोन रुपये तुमच्याच खिशात राहतात, पुढच्या निवडणुकीपर्यंत. याहून चांगलं उत्तर माझ्याकडं नाही, आणि खोटं उत्तर द्यायची फी मी घेत नाही.

पण रंकाळावाल्या भावाला एक सांगते. २०२५ च्या १८ ऑगस्टला आपल्याकडं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथंच बसणारं हायकोर्ट, सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी किती वर्षं आंदोलनाला बसले माहीत आहे का? चाळीसच्या वर. माझ्या सिनिअरांनी काळा कोट चढवला तेव्हा मागणी होती, त्यांचे केस पांढरे झाले तेव्हाही होतीच. प्रत्येक पक्षाचा प्रत्येक नेता येऊन पाठिंबा देऊन गेला. पहिल्यांदा मी अशिलाला "उद्या अकराला या" म्हटलं तेव्हा ते आजरा तालुक्यातले काका दोन वेळा विचारायला लागले, "उद्या म्हंजी मुंबईला न्हवं?" त्यांनी रात्रीच्या गाडीच्या तिकिटासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मग ह्याचं काय करू?" मी म्हटलं, जेवून जावा.

टोलचंही तसंच. तेव्हा मी कॉलेजात होते. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा बहुतेक नेते आधी गप्पच. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा ज्या वयात रस्त्यावर बसले त्या वयात माणसं नातवंडं खेळवतात. पक्ष मागून आले, फलक घेऊन. डिसेंबर २०१५ ला सरकारनं टोल रद्द केला. तो दिवस बघायला अण्णा नव्हते, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना गोळ्या घातल्या. तो खटला अजून चालूच आहे. त्यामुळे संस्थांवर विश्वास ठेवा, असं मी कुणाला म्हणत नाही. मी रोज एका संस्थेत जाते, मलाच काही दिवस जमतं, काही दिवस नाही.

---

झेडपी_मॅडम

दादा, मी तुमच्यासमोर बसणारी. म्हणजे तुमच्याच बूथवर नव्हे, पण टेबलाच्या पलीकडं. प्राथमिक शिक्षिका आहे, सात निवडणुकांची ड्युटी झाली, दोनदा केंद्राध्यक्ष.

पक्ष काय, फुटला का जुळला, ते मला कळत नाही आणि ड्युटीवर असताना कळूनही उपयोग नाही. मला एकच सांगायचंय. आम्हाला भीती भांडखोर एजंटाची वाटत नाही. एजंट नसलेल्या बूथची वाटते.

मागच्या खेपेला माझ्या केंद्रावर चाचणी मतदानाला वेळेत एकही एजंट आला नव्हता. नियम असा की पंधरा मिनिटं थांबायचं, मग आपलं आपण करायचं. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. बाहेर अंधार, वर्गात एक ट्यूब, आम्ही चौघी-पाच जण आणि ते मशीन. शेवटी आम्हीच मतं टाकली, आम्हीच मोजली, आम्हीच सह्या केल्या. एकानंही खोटं केलं नाही. पण ते बघायला कोण होतं? संध्याकाळी हिशेबाचा कागद द्यायला माणूस नाही, कारण जे दोघं उशिरा आले ते दुपारी जेवायला गेले ते गेलेच. आणि आठ दिवसांनी माझ्याच शेजारणीनं मला विचारलं, "खरं सांगा मॅडम, आत काय करता हो तुम्ही?" रात्री नऊपर्यंत उपाशी बसून मशीन गोदामात जमा करून आले होते मी. उत्तर द्यावंसंच वाटलं नाही.

यंदा तर चार जणांचा प्रभाग. अ, ब, क, ड, चार रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं. चारही दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, बझर वाजत नाही. प्रशिक्षणात आम्हीच गोंधळलो. म्हातारी माणसं एक दाबून बाहेर येणार, आम्ही "आजी, अजून तीन राहिलीत" म्हणून हाका मारणार, आणि बाहेर कुणीतरी म्हणणार की मॅडम कुणाला तरी मत द्यायला लावत होत्या. तिथं तुमच्यासारखा यादी पाठ असलेला माणूस खोलीत असला तर माझा अर्धा ताप कमी होतो.

तेव्हा या. कुणाच्याही नावानं या. दाढीवाला ओळखला नाही तरी चालेल. आणि डबा घरून आणा, त्या पुरीभाजीनं माझा एक एजंट दिवसभर बाहेरच होता.

---

रंकाळा_नाईट

मॅडम, एक नंबर. काका, वरचं झोपा वगैरे मागं घेतो. पण पुरीभाजीवर ठाम.

---

लेथवाला_मंगळवारपेठ

मॅडमचं वाचल्यावर काल रात्री बराच वेळ कपाटातले ते जुने कागद बघत बसलो. सह्या करणाऱ्या दोघा केंद्राध्यक्षांची नावं वाचता आली, बाकीच्यांची सही म्हणजे शेवया.

ठरवलं ते सांगतो. दोन्हीकडच्यांना नाही म्हणालो, घरी जाऊन, तोंडावर. पहिला चिडला. दुसरा म्हणाला, "किती मिळाले?" तीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस. त्याच्या बायकोनं आतनं "अहो, काय बोलताय" म्हटलं म्हणून मी उठून गप्प बाहेर आलो.

आमच्या प्रभागात "क" जागेवर एक रिक्षावाला अपक्ष आहे. त्याला बूथवर बसवायला माणसंच नाहीत, घरातले धरून चार. आज दुपारी शॉपवर बोलावून सांगितलं, तुझा फॉर्म भरून दे, मी बसतो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाला, "दादा, पण मी निवडून येणार न्हाई हां." म्हटलं, ते मला यादी बघून कळतंय.

सचिवसाहेब विचारतीलच, तो आला आणि उद्या महापौर निवडीला सहलीला गेला तर? जाईलही. मी त्याला तसं विचारलं. बराच वेळ स्टीलच्या भुश्शाकडं बघत उभा राहिला, मग म्हणाला, "रिक्षा कुणाकडं ठेवून जाऊ?"

आणि पाकिटांचं. या खेपेला १४ च्या रात्री मी कट्ट्यावर खुर्ची टाकून बसणार आहे. टॉर्च चार्ज करून ठेवलीय. आमची मंडळी म्हणतात, पाय मोडून घ्याल. तसं झालं तर १५ ला साडेसातच्या आत मला बूथवर पोचवायला रिक्षा आहेच. मॅडम, चाचणीला किती वाजता यायचं तेवढं कळवा.